प्रश्नावली आणि गृहीतक : कॉपी-ऑन-राइट साठवणीसाठी फाइलव्यवस्थेच्या चाचण्यांची पुनर्रचना

१. विषयप्रवेश

बोलींच्या पाहणीसाठी प्रश्नावली तयार करणाऱ्यास एका धोक्याची जाणीव सतत ठेवावी लागते. प्रश्नावली ज्या भाषेत रचली गेली असेल त्या भाषेतील भेद तिच्यात नकळत उतरतात, आणि त्या भाषेत जे भेद नाहीत ते प्रश्नावलीतूनही गळतात. हिंदीत 'हम' हे एकच सर्वनाम आहे. मराठीत ऐकणाऱ्यास वगळणारे 'आम्ही' आणि त्यास सामावून घेणारे 'आपण' अशी दोन आहेत. हिंदीत रचलेली प्रश्नावली घेऊन कोणी मराठी निवेदकाकडे गेला आणि त्याने 'हम'साठी शब्द विचारला, तर निवेदक दोहोंपैकी एक सांगून मोकळा होईल. उत्तर खोटे नसेल. परंतु त्यावरून मराठीत असे एकच सर्वनाम आहे असा निष्कर्ष काढल्यास तो चुकेल. दोष उत्तरात नसून प्रश्नात आहे.

संगणकातील फाइलव्यवस्थेच्या चाचण्या ही एक प्रकारची प्रश्नावलीच होय. फाइलव्यवस्था म्हणजे डिस्कवरील जागेची वाटणी करून फाइलींची नोंद ठेवणारी यंत्रणा. ती विश्वासार्ह आहे की नाही हे ठरविण्यासाठी तिला शेकडो प्रश्न विचारले जातात. यांपैकी पुष्कळसे प्रश्न ज्या काळी रचले गेले त्या काळी फाइलव्यवस्था एका विशिष्ट रीतीने लिहीत असत. पुढे लिहिण्याची रीत बदलली, आणि जुन्या प्रश्नांना विचित्र उत्तरे मिळू लागली. अशा वेळी प्रश्न कसे बदलावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

भाषाशास्त्राच्या विभागाने या विषयात का पडावे, अशी शंका येण्याचा संभव आहे. तिचे उत्तर आमच्याच अनुभवात आहे. बोलींच्या ध्वनिमुद्रणांच्या एका संग्रहातील खरखर काढून टाकण्याचे काम हाती घेतले असता, मूळ संग्रहास धक्का लागू नये म्हणून आम्ही प्रथम त्याची पूर्ण प्रत केली. प्रत क्षणार्धात झाली, याचे नवल वाटले. परंतु फाइलींची संख्या जुळली, आकार जुळले, म्हणून डिस्कवर जागा पुरेशी आहे असे आम्ही धरून चाललो. काम निम्म्यावर आले आणि 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असा निरोप आला. एकाही फाइलीचा आकार वाढलेला नव्हता. त्या दिवशी दुरुस्त केलेल्या काही फाइली अर्धवट लिहिल्या गेल्या. आमची पडताळणी खोटे बोलली नव्हती; तिने चुकीचा प्रश्न विचारला होता.

२. लिहिण्याच्या दोन रीती

पारंपरिक फाइलव्यवस्थेत फाइलीच्या एखाद्या भागावर पुन्हा लिहिले असता नवा मजकूर जुन्याच जागी, जुना पुसून लिहिला जातो. लिनक्समधील एक्स्ट-४ ही व्यवस्था सामान्यतः असेच करते. या रीतीस आपण 'जागच्या जागी लेखन' म्हणू.

दुसरी रीत कॉपी-ऑन-राइट या नावाने ओळखली जाते. ती समजण्यास सुट्या पानांच्या पोथीचे उदाहरण सोयीचे पडेल. एका ग्रंथालयात सर्व पाने सामाईक कपाटात ठेवलेली आहेत आणि प्रत्येक वाचकाकडे केवळ पानांची यादी आहे, अशी कल्पना करा. पोथीची प्रत हवी असल्यास यादीची नक्कल केली की झाले. पाने हलवावी लागत नाहीत. एखाद्या वाचकास बारावे पान दुरुस्त करावयाचे असेल, तर जुन्या पानावर खाडाखोड न करता नवे पान लिहून कपाटात ठेवावयाचे, आणि फक्त त्याच्या यादीतील बारावी नोंद बदलावयाची. जुने पान कोणत्याही यादीत उरले नाही म्हणजेच ते काढून टाकावयाचे. येथे पाने म्हणजे डिस्कवरील ब्लॉक, आणि यादी म्हणजे फाइलीची अंतर्गत नोंद.

या रीतीचे लाभ उघड आहेत. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुने पान शाबूत राहते, आणि प्रत करण्यास वेळ व जागा जवळजवळ लागत नाही. १९९४ साली डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ व मायकेल माल्कम यांनी वॅफल या व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात हे तत्त्व स्पष्टपणे मांडलेले आहे. सन कंपनीची झेडएफएस २००५ साली खुली झाली. ओरॅकल कंपनीत ख्रिस मेसन यांनी २००७ साली आरंभिलेली बीटीआरएफएस २००९ साली लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत समाविष्ट झाली. जुन्या एक्सएफएसलाही २०१६ सालच्या ४.९ या कर्नलपासून ब्लॉक सामाईक ठेवून प्रत करण्याची, म्हणजे 'रीफ्लिंक'ची, सोय प्राप्त झाली. पुढे २०२१ सालच्या कोअरयूटिल्स ९.० पासून 'सीपी' ही फाइलींची प्रत करणारी नित्याची आज्ञाच, शक्य असेल तेथे, आधी सामाईक प्रत करून पाहू लागली. वापरणाऱ्याने न मागता त्यास सामाईक प्रत मिळू लागली ती येथपासून. आमच्या संग्रहाचे झाले ते हेच.

या सर्व व्यवस्था एकाच प्रकारे वागत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. झेडएफएस व बीटीआरएफएस सामान्यतः नव्या जागी लिहितात, आणि स्वतःच्या अंतर्गत नोंदीही तशाच बदलतात. एक्सएफएस मात्र ब्लॉक सामाईक असेल तरच नव्या जागी लिहिते. भागीदार उरला नाही की पुन्हा जागच्या जागी लिहू लागते. म्हणजे 'कॉपी-ऑन-राइट' हे एका वर्तनाचे नाव नसून वर्तनांच्या कुळाचे नाव आहे. चाचण्या रचणाऱ्यास याचा विसर पडून चालत नाही.

३. चाचणी-संचाचे स्वरूप

लिनक्सच्या फाइलव्यवस्थांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा संच एक्सएफएस-टेस्ट्स होय. त्यास आता एफएस-टेस्ट्स असेही म्हणतात. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत तो केवळ एक्सएफएससाठी तयार झाला, आणि पुढे इतर व्यवस्थांनी तो आपलासा केला. त्यात सर्वांस लागू असणाऱ्या चाचण्यांचा एक विभाग व प्रत्येक व्यवस्थेच्या खास चाचण्यांचे वेगळे विभाग आहेत. प्रत्येक चाचणीस क्रमांक असतो, आणि तिच्यासोबत अपेक्षित उत्तराची फाइल असते. चाचणी चालविल्यावर आलेले उत्तर या अपेक्षित उत्तराशी अक्षरशः ताडून पाहिले जाते. फरक पडला की चाचणी नापास. चाचणीस आवश्यक ती सोय व्यवस्थेत नसेल, तर ती 'चालविली नाही' अशी नोंद होते.

एका व्यवस्थेसाठी जन्मलेला संच सर्वांसाठी वापरला जाऊ लागला, या इतिहासातच आपल्या प्रश्नाचे मूळ आहे. जे एका व्यवस्थेचे वळण होते ते 'अपेक्षित उत्तर' म्हणून गोठले. फाइलव्यवस्थेने दिलेले वचन आणि तिची सवय यांतील सीमारेषा त्यामुळे पुसट झाली.

४. तीन छुपी गृहीतके

पहिले गृहीतक जागेच्या हिशेबाचे. जितके लिहिले तितकी मोकळी जागा घटते आणि जितके पुसले तितकी परत मिळते, असे जुनी चाचणी मानते. सामाईक प्रतीने जागा घटत नाही, आणि दोन प्रतींपैकी एक पुसल्याने ती परतही मिळत नाही. याहून सूक्ष्म प्रकार बीटीआरएफएसमध्ये आढळतो. ही व्यवस्था सलग ब्लॉकांचा पट्टा एकक मानून त्याच्या भागीदारांची गणना करते. समजा, १ मेबिबाइटची फाइल एकाच पट्ट्यात लिहिलेली आहे, आणि तिच्या मधोमध ४ किबिबाइट पुन्हा लिहिले. नव्या ४ किबिबाइटांना नवी जागा लागते. परंतु जुन्या पट्ट्याची दोन्ही टोके अद्याप वापरात असल्याने तो संपूर्ण पट्टा राखलेला राहतो. फाइलीचा आकार १ मेबिबाइटच, पण व्यापलेली जागा १ मेबिबाइट अधिक ४ किबिबाइट. मधला निरुपयोगी तुकडा त्या पट्ट्याचा शेवटचा वापर संपेपर्यंत अडकून पडतो.

दुसरे गृहीतक असे की, एकदा लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिण्यास नवी जागा लागत नाही, म्हणून डिस्क पूर्ण भरली तरी असे लेखन फसणार नाही. जागच्या जागी लिहिणाऱ्या व्यवस्थेत हे खरे आहे. कॉपी-ऑन-राइटमध्ये ते खरे नाही. फाइलीसाठी जागा आधीच राखून ठेवण्याची आज्ञा असते, आणि राखलेल्या भागात लिहिताना जागेअभावी अपयश येणार नाही असे पोझिक्स या मानकाचे वचन आहे. बीटीआरएफएस अशा राखलेल्या भागातील पहिले लेखन राखलेल्या जागीच करते. पण त्याच भागावर दुसऱ्यांदा लिहू लागताच नवी जागा शोधू लागते. चाचणीने एकदाच लिहून पाहिले तर ती उत्तीर्ण होईल. दोनदा लिहिले तर कदाचित होणार नाही.

तिसरे गृहीतक स्थानाचे. फाइलीचे ब्लॉक एकदा जेथे पडले तेथेच राहतात, असे काही चाचण्या धरून चालतात. याचे बोलके उदाहरण स्वॅप फाइलीचे आहे. स्मृती अपुरी पडल्यास कर्नल जिच्यात पाने ठेवतो ती ही फाइल. कर्नल तिच्या ब्लॉकांचे पत्ते एकदाच टिपून घेतो आणि पुढे थेट त्या पत्त्यांवर लिहितो, म्हणून ब्लॉक हलले तर अनर्थ होईल. बीटीआरएफएसमध्ये ही सोय २०१९ सालच्या ५.० कर्नलपासून मिळाली, ती कॉपी-ऑन-राइट बंद केलेल्या फाइलीपुरतीच. साहजिकच स्वॅपच्या चाचण्यांत फाइल रिकामी असतानाच तिच्यावर तशी खूण करण्याची पायरी घालावी लागली. मजकूर लिहून झाल्यावर केलेली खूण उपयोगी पडत नाही.

५. तीन उपाय आणि त्यांची योग्यता

चाचणी अशी अडली असता तीन मार्ग मोकळे असतात : वगळणे, सैल करणे आणि पुन्हा मांडणे.

वगळणे सर्वांत सोपे. 'ही चाचणी या व्यवस्थेस लागू नाही' अशी एक ओळ घातली की काम संपते. चाचणीचा विषयच त्या व्यवस्थेत अस्तित्वात नसेल तर हे योग्यच आहे. परंतु एरव्ही त्यात मोठी हानी असते. उत्सर्ग मोडला म्हणून लागलीच अपवाद लिहिणाऱ्या वैयाकरणाप्रमाणे आपण नियम तपासून पाहण्याची संधी गमावतो. आणि वगळलेल्या चाचणीतील खरा, सर्वांस लागू असणारा भागही तिच्यासोबत जातो.

सैल करणे म्हणजे अचूक आकड्याऐवजी 'इतक्या मर्यादेत' असे उत्तर स्वीकारणे. जागेच्या मोजणीत हे पुष्कळदा अपरिहार्य असते, कारण अंतर्गत नोंदींनाही जागा लागते आणि ती आधी नेमकी सांगता येत नाही. पण मर्यादा कशाच्या प्रमाणात धरली हे पाहिले पाहिजे. १० गिबिबाइटच्या डिस्कवर १ टक्का सूट म्हणजे सुमारे १०२ मेबिबाइट. अशा चाचणीत १ मेबिबाइटची प्रत सामाईक झाली काय किंवा पूर्ण झाली काय, उत्तर मर्यादेतच येणार. चाचणी उत्तीर्ण होईल आणि काहीही सिद्ध होणार नाही. म्हणून लिहावयाचा मजकूर सुटीच्या मर्यादेहून कित्येक पटींनी मोठा असावा, हा नियम पाळणे अगत्याचे आहे.

पुन्हा मांडणे हा तिसरा मार्ग कष्टाचा, पण खरा. त्यासाठी प्रथम विचारावे : या चाचणीत वचन कोणते आणि सवय कोणती? सामाईक प्रतीचे वचन असे की, एका प्रतीवर लिहिलेले दुसरीत उतरता कामा नये. त्याची चाचणी अशी रचता येईल. ठरावीक अक्षरांनी भरलेली १ मेबिबाइटची एक फाइल लिहावी. तिची सामाईक प्रत करावी. दोन्हींची बेरीज-खूण, म्हणजे मजकुरावरून काढलेला तपासणी-अंक, नोंदवावी. प्रतीच्या मध्यभागी ४ किबिबाइट निराळी अक्षरे लिहावीत. डिस्क उतरवून पुन्हा जोडावी, म्हणजे उत्तर स्मृतीतून न येता डिस्कवरून येईल. शेवटी मूळ फाइलीची खूण पूर्वीचीच आहे आणि प्रतीची खूण अपेक्षेप्रमाणे बदलली आहे, हे पाहावे. या चाचणीत ब्लॉक कोठे पडले याची विचारणा नाही, आणि मोकळ्या जागेचीही नाही.

परंतु एवढ्याने भागत नाही. ब्लॉक सामाईक न ठेवता गुपचूप पूर्ण प्रत करणारी व्यवस्थाही या चाचणीत उत्तीर्ण होईल. म्हणून 'प्रती परस्परांपासून स्वतंत्र आहेत काय?' आणि 'त्यांचे ब्लॉक सामाईक आहेत काय?' हे दोन प्रश्न वेगळ्या चाचण्यांत विचारावे लागतात. 'आम्ही' आणि 'आपण' यांसाठी दोन प्रश्न लागतात, तसेच हे आहे. नकारही वचनाचा भाग असतो : दोन वेगळ्या फाइलव्यवस्थांमध्ये सामाईक प्रत मागितली, किंवा एकाच फाइलीतील परस्परांवर चढणारे भाग दिले, तर व्यवस्थेने ठरावीक चूक-संकेत देऊन नकार दिला पाहिजे, आणि तेही तपासले पाहिजे.

भरलेल्या डिस्कच्या चाचणीचीही मांडणी अशीच बदलते. 'लेखन यशस्वी झाले पाहिजे' ही जुनी अपेक्षा टिकत नाही. नवी अपेक्षा अशी : लेखन एकतर यशस्वी व्हावे, अथवा 'जागा नाही' असे स्पष्ट सांगून थांबावे, पण दुसऱ्या प्रतीतील एकही अक्षर बदलू नये, अपयश लपवून यश कळवू नये, आणि नंतरच्या तपासणीत व्यवस्थेच्या नोंदी सुसंगत आढळाव्यात. यात एक जादा प्रश्नही घालावा लागतो. कॉपी-ऑन-राइटमध्ये फाइल पुसण्यासाठीदेखील नोंदींची नवी पाने लिहावी लागतात. तेव्हा पूर्ण भरलेल्या डिस्कवरून फाइल पुसता येते काय? बीटीआरएफएस अशा प्रसंगासाठी थोडी जागा कायम राखून ठेवते. जागच्या जागी लिहिणाऱ्या व्यवस्थेत हा प्रश्न एवढा निकडीचा नव्हता.

६. 'सिंक'चा मोह

पुनर्रचनेत एक खुबीचा धोका आहे, आणि त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे. लिहिलेला मजकूर काही काळ स्मृतीत राहतो आणि मग डिस्कवर उतरतो. बीटीआरएफएसमध्ये हा व्यवहार, निराळी सूचना नसल्यास, दर ३० सेकंदांनी पुरा होतो, आणि पुसलेल्या फाइलीची जागाही तो पुरा झाल्यावरच मोकळी दिसते. म्हणून जागा मोजण्यापूर्वी 'सिंक' ही आज्ञा देऊन सर्व काही डिस्कवर उतरविणे आवश्यक ठरते. चाचणी कधी उत्तीर्ण, कधी नापास होत असेल, तर सिंक घातल्याबरोबर ती बहुधा स्थिरावते. त्यामुळे प्रत्येक पायरीनंतर सिंक घालण्याची सवय लागते.

या सवयीने काय हरवते, हे २०२३ सालच्या एका घटनेवरून कळते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ओपन-झेडएफएसची २.२.० ही आवृत्ती निघाली. तिच्यात सामाईक प्रतीची नवी सोय होती. नोव्हेंबरात असे आढळले की, क्वचित प्रसंगी प्रत केलेल्या फाइलीत मजकुराच्या जागी शून्ये येतात. संशय साहजिकच नव्या सोयीवर गेला, आणि २.२.१ मध्ये ती बंद ठेवण्यात आली. परंतु शोधाअंती दोष जुना, त्या सोयीहून निराळा निघाला. फाइलीत कोठे मजकूर आहे आणि कोठे रिकामी पोकळी आहे, हे प्रत करणारा प्रोग्राम व्यवस्थेस विचारतो, म्हणजे पोकळी वाचण्याचे कष्ट वाचतात. नुकताच लिहिलेला, अद्याप डिस्कवर न उतरलेला मजकूर असताना हा प्रश्न नेमक्या अल्प क्षणी विचारला गेला, तर व्यवस्था मजकुरास पोकळी म्हणे. प्रोग्राम तिच्या शब्दावर विसंबून तो भाग सोडून देई. नोव्हेंबरअखेरच्या २.२.२ व २.१.१४ या आवृत्त्यांत हा दोष दूर झाला.

लिहिणे आणि प्रत करणे यांच्या मध्ये सिंक घालणाऱ्या चाचणीस हा दोष कधीच दिसला नसता, हे उघड आहे. सिंकने ज्या अवस्थेचा अंत होतो तीच अवस्था दोषाचे घर होती. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते नियम असा असावा : जागा मोजावयाची असेल तेथे सिंक अवश्य घालावे, मजकुराची सत्यता तपासावयाची असेल तेथे सिंकसह एक आणि सिंकविना एक अशा दोन चाचण्या ठेवाव्यात. चाचणी स्थिर झाली म्हणजे ती सुधारलीच असे समजू नये. बुजरा निवेदक रोज एकच ठरीव उत्तर देऊ लागला, तर आपण त्यास बोलीचे स्थैर्य म्हणत नाही.

७. समारोप

वरील विवेचनाचे सार असे की, साठवणीची रीत बदलली असता चाचण्या जुळवून घेणे म्हणजे त्यांना नव्या व्यवस्थेपुढे वाकविणे नव्हे. चाचणीतील वचन निराळे काढावे व ते पूर्वीइतक्याच कठोरपणे तपासावे. सवयीचा भाग व्यवस्थेच्या खास विभागात न्यावा. आणि नव्या रीतीने जे नवे प्रश्न निर्माण केले ते नव्याने विचारावेत. वगळलेल्या प्रत्येक चाचणीपाशी ती का वगळली हे एका वाक्यात लिहून ठेवावे, म्हणजे मागून येणाऱ्यास तो अपवाद तपासता येईल.

आमच्या विभागापुरते सांगावयाचे तर, ध्वनिमुद्रणांवर काम सुरू करण्यापूर्वीची आमची पडताळणी आता बदलली आहे. 'प्रत झाली काय?' एवढे विचारून आम्ही थांबत नाही. 'या प्रतीतील प्रत्येक ब्लॉक नव्याने लिहावा लागला तर तेवढी जागा मोकळी आहे काय?' असे विचारतो. आणि मूळ संग्रहाची राखीव प्रत वेगळ्या डिस्कवर, पूर्ण, सामाईक न ठेवता करतो. कारण सामाईक पान खराब झाले तर ते दोन्ही याद्यांतून एकदमच खराब होते. दोन याद्या असणे म्हणजे दोन पोथ्या असणे नव्हे, हे आम्ही एका दिवसाचे काम गमावून शिकलो.